नऊ फुटी मका आणि खड्ड्याचं पाणी

वाचक लिहितात : घरी चौदा जनावरं आहेत, त्यातल्या आठ गायी दुधात. दोन एकर मका खास मुरघासासाठी, म्हणजे खड्ड्यात दाबून मुरवायच्या हिरव्या वैरणीसाठी. गेल्या हंगामात सासऱ्यांच्या आग्रहाने एकरी दोन ट्रॉल्या शेणखत टाकलं, थेट उकिरड्यावरून उचललेलं. पीक पहिला महिनाभर पिवळंच राहिलं म्हणून नवऱ्याने युरिया सुरू केला. तीन हप्त्यांत एकरी दीडशे किलोच्या आसपास गेला आणि शेवटचा हप्ता तुरा बाहेर पडल्यावर. मग मका असा उसळला की नऊ फुटांवर गेला. दाणे भरायच्या आधीच, हिरवागार असताना कापून खड्डा भरला. दोन दिवसांत खड्ड्याच्या कडेने पाणी वाहायला लागलं. दीड महिन्याने उघडला तर मुरघास काळपट, चिकट, उग्र वासाचा. गायी तोंड लावेनात, दूध घटलं. सासरे म्हणतात, युरियाने वैरण नासवली, यंदा एक पोतं आणायचं नाही. नवरा म्हणतो, शेणखताने फक्त तण वाढलं, यंदा सगळं पोत्यातलंच. हिशेबाची वही माझ्याकडे असते, म्हणून दोघंही मलाच विचारतात. मी कोणाची बाजू घेऊ?

ताई, वहीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, पण मी तिथूनच सुरुवात करतो. एकरी किती ट्रॉल्या मका निघाला, हे त्या वहीत नक्की असेल. त्यातलं पाणी किती होतं, हे नसेल. तुमच्या घरातला वाद या न लिहिलेल्या आकड्यावर उभा आहे.

समजा, गेल्या वर्षी एकरी 22 टन हिरवा मका निघाला. तुरा पडल्या पडल्या कापलेल्या मक्यात कोरडा अंश, म्हणजे ज्याला आपण ड्राय मॅटर म्हणतो, तो 20 टक्क्यांच्या आसपास असतो. 22 टनांचे 20 टक्के म्हणजे 4.4 टन. बाकी साडेसतरा टन पाणी तुम्ही कापलंत, वाहिलंत, कुट्टी केलंत आणि खड्ड्यात दाबलंत. आता हाच मका आणखी चार-पाच आठवडे उभा राहिला असता, खालची पानं वाळली असती, एकरी 18 टनच भरला असता, पण कोरडा अंश 32 टक्के असता, तर गायींच्या पोटात जाण्याजोगा माल होतो पावणेसहा टन. ट्रॉल्या कमी, चारा जास्त. तुमच्या नवऱ्याला नऊ फुटी पिकाचा अभिमान वाटणं स्वाभाविक आहे, पण मुरघासाचा मका उंचीवर जोखायचा नसतो.

खड्ड्यातून वाहिलेलं पाणीही नुसतं पाणी नव्हतं. साखर, विरघळलेली प्रथिनं आणि खनिजं त्याच्याबरोबर गेली. 28 टक्क्यांच्या खाली कोरडा अंश असलेला मका दाबला की असा रस सुटतो, आणि ओल जितकी जास्त तितकं लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंना खड्ड्याचा सामू (पीएच) पुरेसा खाली आणायला कष्ट पडतात. ते मागे पडले की क्लॉस्ट्रिडिया या वैरण नासवणाऱ्या जिवाणूंचं राज्य येतं. ब्युटिरिक आम्ल, अमोनिया, तो चिकटपणा आणि हाताला दोन दिवस राहणारा वास, हे सगळं त्यांचं काम. काळपट रंग मात्र बहुधा हवेमुळे आला. दाब कमी पडला किंवा झाकण उसवलं की आतला माल तापतो आणि काळवंडतो.

म्हणजे सासऱ्यांनी पाहिलं ते खरं, वैरण नासली. पण नासवणारा मुख्य हात युरियाचा नाही, कापणीच्या तारखेचा आहे. युरियाचा गुन्हा वेगळा आहे, त्याकडे येतोच.

आधी शेणखताकडे बघू, कारण गोष्ट तिथून बिघडायला लागली. उकिरड्यावरून थेट उचललेल्या खतात वैरणीची न कुजलेली काडी भरपूर असते. ती कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब (कार्बन) काडीतून मिळतो, नायट्रोजन मात्र कमी पडतो. तो ते जमिनीतून ओढतात. तुमच्या कोवळ्या रोपांच्या तोंडचा घास काही आठवडे जिवाणूंनी पळवला, म्हणून पीक पिवळं पडलं. नवऱ्याला वाटलं, शेणखतात दम नाही. दम होता, पण तो अजून सुटा व्हायचा होता. तणाचंही तसंच. नीट रचलेला, ओलावा राखलेला, पालटलेला ढीग आतून 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो आणि तणाचं बहुतेक बी तिथेच मरतं. नुसत्या पसरून पडलेल्या उकिरड्याला ती ऊब कधी येतच नाही. कच्च्या खताबरोबर शेतात मुळं खाणारी हुमणी अळीही येते, ते तुमच्या सासऱ्यांना मी सांगायला नको.

आता सासऱ्यांच्या दुसऱ्या समजुतीकडे वळतो, की शेणखत भरपूर टाकलं म्हणजे पिकाचं पोट भरलं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नायट्रोजन असतो. पाच टन खत म्हणजे 25 किलो. त्यातला पहिल्या हंगामात पिकाला मिळतो चौथा हिस्सा किंवा थोडा अधिक, म्हणजे सहा ते आठ किलो. बाकीचा पुढच्या दोन-तीन वर्षांत हळूहळू सुटतो. एकरी 18 टन मुरघासाचा मका कोरड्या अंशाच्या सव्वा टक्का नायट्रोजन धरला तरी सत्तरएक किलो उचलतो. थोडा जमीन देते, पण दरी मोठी राहते. केवळ शेणखतावर हे पीक घ्यायचं तर इतकं खत लागेल की चौदा जनावरांच्या गोठ्यातून ते निघणार नाही. वर्षानुवर्षं भरपूर शेणखत खाल्लेली जमीन असेल तर गणित वेगळं होतं. तुमची तशी आहे का, हे माती तपासल्याशिवाय मी काय सांगणार?

मग सगळं पोत्यातून द्यावं का? इथे नवऱ्याच्या हिशेबातून एक गोष्ट सुटते. दाण्याच्या मक्यात आपण कणीस नेतो, ताटं रानात किंवा बांधावर तरी राहतात. मुरघासात बुडखा सोडून सगळं उचलतो. ताटात पोटॅश असतं, आणि तेही बरंच. हिरव्या मुरघासाच्या दर टनामागे साधारण चार किलो पोटॅश रानाबाहेर जातं. 18 टनांमागे सत्तर किलोंच्या वर. युरियात पोटॅश शून्य. डीएपी या नायट्रोजन-फॉस्फरसच्या खतातही शून्य. दोन-तीन वर्षं त्याच रानातून मुरघास काढून फक्त युरिया-डीएपी दिलं, की पानांच्या कडा खालून करपायला लागतात, ताटं वाऱ्याने लोळतात आणि आपण वाऱ्याला नावं ठेवतो.

बरं, हे गेलेलं पोटॅश जातं कुठे? तुमच्याच गोठ्यात. गाय ते फारसं ठेवून घेत नाही. पोटॅशचा मोठा हिस्सा आणि बाहेर टाकलेल्या नायट्रोजनचा निम्म्याच्या आसपास भाग मुत्रातून बाहेर पडतो. तुमच्याकडे गोठ्याचं मूत्र कुठे जातं? नालीतून बाहेर सोडलं असेल तर खताचं अर्धं पोतं रोज तिकडे वाहतंय, असंच समजा. हे बरंच वाढवून बोललो, पण नुकसान खरं आहे. उताराच्या टोकाला एक टाकी केली आणि ते मूत्र ढिगावर ओतत राहिलात, तर काडी लवकर कुजेल आणि खताची ताकद वाढेल. ढिगावर साधं छप्पर किंवा ताडपत्री असली तर पावसाने धुपणंही थांबेल. या एका कामावर सासऱ्यांचं आणि नवऱ्याचं एकमत व्हायला हरकत नाही.

आता युरियाचा खरा गुन्हा. तुऱ्यानंतरचा हप्ता.

मका पहिले तीन-चार आठवडे फार कमी नायट्रोजन घेतो. गुडघ्याएवढा झाला की भूक एकदम खवळते आणि स्त्रीकेसर येईपर्यंत एकूण गरजेच्या दोन तृतीयांशांच्या आसपास उचलून होतं. तुऱ्यानंतर दिलेला युरिया उत्पन्नात फारशी भर घालत नाही, पण ताटात नायट्रेट म्हणून साठू शकतो. पाण्याचा ताण पडला, ढगाळ दिवस लागले, गारठा आला की झाडाला त्या नायट्रेटची प्रथिनं करता येत नाहीत आणि तो बुडख्याकडच्या पेऱ्यांत साचून राहतो. जनावराच्या कोठीपोटात त्याचा नायट्राइट होतो आणि रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद जाते. रक्त चॉकलेटी दिसतं, श्वास भरभर चालतो, जनावर कोसळू शकतं. अशा वेळी घरचे उपाय करत बसायचं नाही, पशुवैद्याला बोलवायचं.

तुमच्या गायींचं दूध घटलं ते नायट्रेटने, असं मला वाटत नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणं न खाल्ल्याची आहेत. पण दीडशे किलो युरिया आणि तोही उशिरा, ही सवय एखाद्या कोरड्या हंगामात महागात पडेल. मुरण्याच्या क्रियेत नायट्रेट बऱ्याचदा निम्म्यापर्यंत कमी होतो, म्हणून शंका असलेला मका हिरवा घालण्यापेक्षा मुरवणं बरं. कापताना बुडखा वीत-दीड वीत उंच ठेवावा. दुष्काळानंतर पाऊस झाला तर लगेच विळा घालू नये, आठवडाभर थांबावं.

याच नायट्रेटमधून खड्डा भरल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत पिवळसर-तांबूस वायू निघू शकतो. हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागी साचतो, फुप्फुसं जाळतो. भरल्यानंतर दोन-तीन आठवडे त्या खड्ड्यात कोणी उतरायचं नाही, पोरांना तर आसपासही खेळू द्यायचं नाही. हे ज्या ज्या घरी जमिनीत खड्डा आहे त्या सगळ्यांसाठी.

युरिया जास्त दिला की प्रथिनं वाढतात, असं तुमच्या नवऱ्याने ऐकलं असेल. ते खोटं नाही. उपाशी पिकाला नायट्रोजन मिळाला की उत्पन्न वाढतं आणि कच्ची प्रथिनं सहा-सात टक्क्यांवरून आठ-नऊवर जाऊ शकतात. पण प्रयोगशाळेतला तो आकडा म्हणजे नायट्रोजनला 6.25 ने गुणून काढलेला. तो नायट्रोजन खऱ्या प्रथिनांत आहे की नाही, हे तो आकडा सांगत नाही. शिवाय खड्ड्यात खऱ्या प्रथिनांतला मोठा भाग तसाही मोडून सुटा होतो. मक्याचा मुरघास आपण ऊर्जेसाठी करतो, कणसातल्या स्टार्चसाठी. प्रथिनांची भर पेंड आणि द्विदल चाऱ्याने घालणं सोपं आणि खात्रीचं. आणि नायट्रोजनच्या जोडीला गंधक नसेल तर झाडाला पूर्ण प्रथिनं बांधता येत नाहीत. म्हणून स्फुरदासाठी (फॉस्फरससाठी) मी डीएपीपेक्षा सिंगल सुपर फॉस्फेटकडे झुकतो, त्यात अकराएक टक्के गंधक फुकट मिळतं.

यंदाचं गणित एका एकराचं मांडतो. माती परीक्षण आलं की त्याप्रमाणे बदला. पेरणीच्या तीन आठवडे आधी पाच टन कुजलेलं शेणखत, पसरून लगेच मातीत मिसळलेलं. कुजलेलं म्हणजे काळसर, भुसभुशीत, मातीचा वास येणारं, काडी ओळखू न येणारं. तुमचा ढीग तसा नसेल तर यंदा त्या रानात टाकूच नका. पेरणीबरोबर 125 किलो सुपर फॉस्फेट, म्हणजे 20 किलो स्फुरद, ओळीत बियाण्याच्या बाजूला आणि थोडं खाली. पोटॅश तपासणीप्रमाणे. अहवाल मध्यम असेल तर 30-35 किलो म्युरेट ऑफ पोटॅश. जस्ताला मका फार हळवा असतो. कोवळ्या पानांवर शिरांच्या कडेने पांढुरके पट्टे दिसले असतील किंवा जमीन चुनखडीची असेल तर आठ-दहा किलो झिंक सल्फेट, सुपर फॉस्फेटमध्ये न मिसळता वेगळं.

युरिया एकूण 85 ते 90 किलो. त्यातला पाव हिस्सा पेरणीला. अर्धा गुडघाभर पिकाला, साधारण पंचविसाव्या ते तिसाव्या दिवशी, कोळपणीच्या तोंडावर, म्हणजे मातीआड होईल. उरलेला पाव पंचेचाळीस दिवसांच्या आत, तुरा पोग्यात असतानाच. ओल्या, तापलेल्या जमिनीवर फोकून तसाच ठेवलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. एक तर मातीत झाका किंवा लगेच पाणी द्या. तुरा दिसला की पोत्याचं तोंड बांधून ठेवायचं. पीक कितीही फिकट दिसो.

कोंबडीखताबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण बरेच वाचक विचारतात. ते शेणखतापेक्षा कितीतरी तेज असतं, त्यातला निम्मा किंवा अधिक नायट्रोजन पहिल्याच हंगामात मिळतो. म्हणून शेणखताच्या मापाने टाकलं तर रोपं जळतात. त्याहून मोठा धोका म्हणजे त्यात मेलेल्या कोंबड्यांचे अवशेष असू शकतात आणि त्यातून गायींना बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणारी जीवघेणी विषबाधा, होऊ शकते. वापरायचं तर पूर्ण कुजवून, पेरणीपूर्वी, मातीत गाडून. उभ्या वैरणीवर कधीच नाही. शेणाची स्लरीही उभ्या मक्याच्या पानांवर उडवायची नाही. ज्या क्लॉस्ट्रिडियांना आपण खड्ड्याबाहेर ठेवू पाहतो, त्यांना आपणच कुट्टीत आमंत्रण देतो. आणि ज्या रानाला वर्षानुवर्षं फक्त स्लरी मिळते, तिथला मका पोटॅशने गच्च होतो. तो व्यायला टेकलेल्या गायींना कमी घाला, नाहीतर व्याल्यावर दुग्धज्वराला, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरण्याला, निमंत्रण.

एक शंका तुमच्या पत्रात नाही, पण मला खटकली. बियाणं एकरी किती टाकलंत? हिरव्या वैरणीच्या सवयीने तीसएक किलो दाट पेरलं असेल, तर ताटं बारीक होतात, कणसं धरत नाहीत, आणि कितीही नेमकं खत दिलं तरी मुरघासात स्टार्च येत नाही. मुरघासाच्या कोरड्या अंशातला निम्म्याच्या आसपास भाग कणसाचा असायला हवा. दोन ओळींत 60 सेंटिमीटर, दोन रोपांत 20, म्हणजे एकरी तेहतीस हजारांवर झाडं, पुरेशी झाली.

कापणीची वेळ पानावरून ठरवू नका. भरपूर नायट्रोजन खाल्लेला मका पक्व होत आला तरी हिरवाच दिसतो. कणीस मोडून दाणा बघा. वरून कडक पिवळा भाग खाली उतरत असतो, खाली दूध असतं. ती रेषा दाण्याच्या मध्यावर आली की कापणीला लागा. कुट्टीची मूठ अर्धा मिनिट घट्ट दाबा. बोटांतून रस आला तर थांबा. मूठ उघडल्यावर गोळा सावकाश सुटला तर खड्डा भरा. कुट्टी एक-दोन सेंटिमीटरची, थर पातळ, ट्रॅक्टर फिरता ठेवायचा, झाकण त्याच दिवशी. मक्यात साखर पुरेशी असते, मळी वगैरे घालायची गरज नाही.

राहिला प्रश्न बाजू कोणाची. कोणाचीच घेऊ नका, ताई. दोन एकरांत चार-चार ओळींचे दोन पट्टे सोडा. एकात फक्त शेणखत, सासऱ्यांच्या मनासारखं. दुसऱ्यात फक्त पोत्यातलं, नवऱ्याच्या मनासारखं. बाकी रान वर सांगितल्याप्रमाणे. कापणीच्या दिवशी तिन्ही ठिकाणी दोन मीटर बाय दोन मीटर चौकोन आखून तेवढाच मका कापून तोला. एकर म्हणजे असे जवळपास हजार चौकोन, म्हणून जितके किलो भरतील तितके टन एकरी. मग प्रत्येकाची कुट्टी करून 100 ग्रॅम घ्या, मायक्रोवेव्हमध्ये शेजारी पाण्याचा पेला ठेवून दोन-दोन मिनिटं वाळवत राहा. वजन घटायचं थांबलं की जितके ग्रॅम उरले तितके टक्के कोरडा अंश. एक नमुना करपला तर दुसरा घ्या, पहिल्यांदा करपतोच. वहीत आता दोन रकाने झाले. टनांना टक्क्यांनी गुणून तिसरा भरा, आणि वही दोघांसमोर उघडी ठेवा. एका हंगामात शेणखताचा पट्टा बहुधा हरेल. पण तोच पट्टा तिथेच तीन वर्षं ठेवलात तर अंतर कमी होताना दिसेल, निदान मी तरी त्यावर पैज लावीन.

आणि गेल्या वर्षीच्या खड्ड्यातला उरलेला काळा माल गायींना, विशेषतः गाभण गायींना, घालू नका. तो ढिगावर टाका, थरांत शेण आणि गोठ्याचं मूत्र घाला, महिन्याला एकदा पालटा. चार-सहा महिन्यांत त्याचं खत होईल. यंदाच्या पेरणीला नाही, पण पुढच्या वर्षी ते त्याच रानात परत जाईल.